डाव्या कोपऱ्यातली शिट्टी

"बॉक्स अजून रिकामाच आहे, सिन्योरा," पडद्याच्या फटीला डोळा लावून इडा म्हणाली. इडा कपडेपट सांभाळायची. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिला राहवलं नाही.

एर्सीलियाने नुसती मान हलवली. शेवटचा अंक तेवढा उरला होता. रंगमंचालगतच्या त्या खास कक्षात वडिलांसाठी राखून ठेवलेल्या मखमली खुर्चीवर दोन अंक होऊन गेले तरी कोणी येऊन बसलं नव्हतं.

गाण्याच्या दिवशी ती बोलत नसे. गळा जपायचा. व्हिएन्ना असो, ब्यूनोस आयर्स असो, सिडनी असो. हॉटेलच्या खोलीत ओले टॉवेल टांगून हवा दमट ठेवायची आणि दिवसभर मुक्याने बसायचं. जिचा आवाज ऐकायला लोक रांगा लावत, तिच्याशी दोन शब्द बोलायला घरी कोणी नव्हतं. सवय झालीय, असं ती सगळ्यांना सांगे. सवय बिवय काही झाली नव्हती.

इटलीतल्या पार्माच्या, तिच्या स्वतःच्या गावच्या, या रंगमंचावर ती अठ्ठावीस वर्षांनी उभी होती. तेव्हा कोवळी पोर होती. हाच ऑपेरा, हाच शेवटचा अंक. मरता मरता नायिका एक वरचा सूर लावते. तो तिचा केसभर चुकला, आणि अगदी वरच्या, स्वस्तातल्या गॅलरीतून, डाव्या कोपऱ्यातून शिट्टी आली. इथे शिट्टी म्हणजे दाद नव्हे, हुर्यो; आणि इथली गॅलरी खाष्ट, राजा गायला तरी सोडायची नाही. पण ती शिट्टी एर्सीलियाने लगेच ओळखली. दोन बोटं जिभेखाली दुमडून कशी वाजवायची, हे त्याच माणसाने तिला लहानपणी नदीच्या पुलावर शिकवलं होतं. मग अख्खी गॅलरी शिट्ट्या मारायला लागली.

तिचे वडील ओरेस्ते खारवलेल्या मांसाच्या गोदामात पारखी होते. घोड्याच्या हाडाची सुई डुकराच्या तंगडीत खुपसायची, नाकाशी धरायची आणि सांगायचं, चांगलं की नासकं. सख्ख्या भावाचा मालही त्यांनी नासका म्हणून परत पाठवला होता.

"पप्पा, तुम्ही?" घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं होतं.

"सूर चुकला होता. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी तिने गाव सोडलं. आईच्या मातीलाही ती आली नाही, फुलं पाठवली. बापलेकीत त्यानंतर एक शब्द नाही. आता आवाज उतरणीला लागायच्या आत एकदा इथे गावं आणि त्यांनी ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती. बॉक्सचं तिकीट पाठवलं. उत्तर आलं नाही.

पडदा उघडला. दिव्यांच्या झोतापुढे गॅलरी म्हणजे नुसता काळोख. आलेत की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. एर्सीलिया गात राहिली. गळा आज लोण्यासारखा चालत होता. तो सूर जवळ आला. झोपेतून उठवलं असतं तरी तिने तो नेमका लावला असता.

तिने तो मुद्दाम चुकवला. केसभर नाही, चांगला घसघशीत.

वाद्यवृंदाच्या कंडक्टरने दचकून वर पाहिलं. थिएटर चिडीचूप झालं. वाजवा, पप्पा, ती मनात म्हणाली. एकदाच वाजवा.

कोणीच वाजवली नाही. खालून कोणीतरी भीत भीत टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आजाऱ्याची विचारपूस करावी तशा त्या टाळ्या होत्या. पडदा पडला. म्हणजे ते आलेच नव्हते.

"चालायचंच, सिन्योरा," इडा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आणि बघा ना, एकानेही शिट्टी मारली नाही!" तेव्हा मात्र एर्सीलियाला रडू आवरेना.

एवढ्यात ग्वेरीनो आत आला. गॅलरीच्या दारावरचा म्हातारा. तिला फ्रॉकात पाहिलेला.

"तुझ्या बापाला काय झालंय गं?" तो दारातूनच म्हणाला. "तुझा सूर गेला, तशी सगळी गॅलरी ओरेस्तेकडे बघायला लागली. त्याने वाजवली की आपण वाजवायची, ही इथली रीत. बोटं तोंडाशी नेलीसुद्धा त्याने! आणि मग हात मांडीखाली दाबून बसला मूग गिळून. मी म्हटलं, बाबा रे, कान गेले का तुझे? तर म्हणतो, 'मागे वाजवली तर पोरगी माझ्या म्हातारपणापर्यंत दिसली नाही. आज मी बहिरा.'"

"पण बॉक्स..."

"बॉक्समध्ये? तो? तिथून धड ऐकू येत नाही म्हणतो."

"आहेत कुठे ते?"

"आत्ता सायकल घेऊन बाहेर पडला. म्हणाला, जन्मात पहिल्यांदा खोटं वागलो, तिला तोंड कसं दाखवू."

एर्सीलिया मरणाच्या अंकातल्या पांढऱ्या झग्यातच बाहेर धावली. चौकात हिवाळ्याच्या संध्याकाळचं धुकं दाटलं होतं. हाताभरावरचं दिसत नव्हतं. कुठेतरी पुढे, हाताने ढकलत नेलेल्या सायकलची टिकटिक लांब लांब जात होती. हाक मारायला तिने तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांत न उच्चारलेला तो शब्द काही केल्या बाहेर पडेना.

तिने दोन बोटं जिभेखाली दुमडली आणि जीव खाऊन शिट्टी मारली.

टिकटिक थांबली. मग धुक्यातून एक थकलेला आवाज आला, "काय गं झालं?"

"सूर चुकला होता तुमचा, पप्पा," ती म्हणाली. "मी काय करू?"