साडेचार फुटांवरचं झुंबर

“बारा आन् दहा बावीस. तुमाला बावीस इंचाचं झुंबर बास हाय,” संपतशेठ म्हणाला.

कोंडिबाचं बोट कोपऱ्यातल्या दुसऱ्याच झुंबराकडे होतं. ते तीन फूट रुंद होतं. दौंडच्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातून निघालेलं. पितळी फांद्या, त्यांना लोंबणारे काचेचे लोलक.

संपतशेठचा जुन्या सामानाचा धंदा होता. गिऱ्हाईक फसवायचा त्याचा स्वभाव नव्हता. खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजायची, दोन्हींची बेरीज करायची आणि तितके इंच रुंद झुंबर घ्यायचं, हे त्याने दुसऱ्यांदा समजावलं. टांगताना खाली सात फूट मोकळे सोडायचे, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागतं, हेही बजावलं. मग त्याने वस्तीत वीज आहे का विचारलं. वीज नव्हती.

“मग करायचंय काय ह्येचं?”

“डोक्याला लावायचंय,” कोंडिबा म्हणाला.

कोंडिबा रेल्वेत फिटर होता. मोठा दुष्काळ सरल्यावर त्याने वरवंडच्या पलीकडे, आपल्या गावातल्या बौद्धवस्तीत, पक्क्या विटांचं घर बांधलं. वस्तीतलं ते पहिलं विटांचं घर. आता तरी याचा पाटलांवरचा राग निवेल, असं लोकांना वाटलं. तो निवला नाही.

त्याचा बाप खंडू जन्मभर गावकीच्या कामाला होता. हौसराव पाटलांपुढे गेला की तो कमरेत वाकून जोहार घालायचा. पाटील बोलेपर्यंत वर व्हायची सोय नव्हती. पाटील कधी तंबाखू मळत बसत, कधी कुणाशी पिकापाण्याचं बोलत बसत. खंडू तसाच उभा. पुढे वस्ती बौद्ध झाली, जोहार बंद झाला, पण खंडूची कंबर काही सरळ झाली नाही. मेल्यावर त्याला तिरडीवर उताणा निजवता आला नाही. कुशीवर निजवून न्यावा लागला. तिरडीचा पुढचा बांबू कोंडिबाच्या खांद्यावर होता.

त्याला एकच पाहायचं होतं. हौसराव पाटील आपल्या घरात कमरेत वाकलेले.

त्याने झुंबर दाराच्या आतच टांगलं. फिटरचा हात, काम चोख झालं. पाटील उंच माणूस, त्यात डोक्याला फेटा. पण नुसता फेटा घासून कोंडिबाचं भागणार नव्हतं. त्याने टेपाने मोजून झुंबराचं टोक जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवलं. एका बाजूला खाट सरकवली, दुसऱ्या बाजूला ज्वारीची कणगी. मधे जेमतेम झुंबराएवढीच वाट राहिली. बावीस इंचाचं असतं तर अंग चोरून बाजूने जाता आलं असतं.

घरात राहायला येऊन आठ दिवस झाले होते. नव्या घराच्या बुद्धवंदनेचा कार्यक्रम रविवारी होता. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि वस्तीत साठ मतं होती. पाटील येणार हे ठरलेलंच होतं.

बायको चांगुणा आठ दिवस पाण्याचा हंडा दाराबाहेर डोक्यावरून उतरवून पोटाशी धरून आत आणत होती. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. शुक्रवारी तिने हंडा दारातच आदळला.

“पाटील वाकंल एकडाव. मी दिसातनं चाळीस येळा वाकतीय. तुमचं काय वाकडं केलं व्हतं म्या?”

कोंडिबा तिच्यावर खेकसला. रविवारपर्यंत गप राहा, रविवारी संध्याकाळी झुंबर वर घेतो, म्हणाला.

रविवारी वंदना झाली. अंगणात सगळी वस्ती बसली होती. आत समोरच्या भिंतीला कोंडिबाने पाटलांसाठी खुर्ची मांडली आणि स्वतः तिच्या शेजारी ताठ उभा राहिला. तिथून दार नीट दिसत होतं.

पाटील आले. बरोबर दोन माणसं. अंगणातल्या म्हाताऱ्यांना त्यांनी हात जोडले, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. दारापाशी येऊन थांबले. आत डोकावले. घर झ्याक बांधलंस म्हणाले.

“आत या, पाटील. च्या टाकलाय,” कोंडिबा म्हणाला.

पाटील म्हणाले, घाईत आहे. कोंडिबा पुन्हा म्हणाला, आत या. पाटलांनी उंबऱ्याकडे पाहिलं. मग आपल्या माणसांकडे पाहून जरासं हसले. ते हसणं कोंडिबाने लहानपणापासून पाहिलेलं होतं. चहा त्यांना घ्यायचा नव्हता. मतं अंगणातच मिळत होती.

ते वळायला लागले.

कोंडिबाच्या अंगाची आग झाली. आज पाटलाला सोडायचं नाही. दंडाला धरून आत आणायचा, उंबरा ओलांडायला लावायचा, सगळ्या वस्तीदेखत. तो तीरासारखा दाराकडे सुटला. झुंबर आलं तशी त्याची मान आपोआप खाली गेली, पाठोपाठ कंबर गेली. आठ दिवसांत अंगाला सवय लागली होती. तीन फूट तो तसाच आला आणि तसाच दारातून बाहेर पडला. पाटलांच्या पायांपासून हातभर अंतरावर.



पाटील थांबले. खाली वाकलेल्या त्या पाठीकडे त्यांनी समाधानाने पाहिलं आणि वस्तीकडे तोंड करून म्हणाले, “बगा रं. येवढा नोकरीला लागला, पर मोठ्या माणसाचा मान इसरला न्हाई.”