मागच्या बैठकीचा बिघाड

मोटारसायकल पहिल्याच खड्ड्यात गचकली, गप्प झाली, आणि मागे बसलेली निनेत्ता खाली उतरली. ही चौथी खेप. सावेरिओ एकटा असला की ही चाळीस वर्षांची म्हातारी गाडी पार समुद्रापर्यंत जाऊन यायची. निनेत्ता मागे बसली रे बसली, की फ्यूज उडालाच.

"फिलोमेनाला मी नकोय," निनेत्ता म्हणाली. "घरच्या बाईनं चारदा नाही म्हटल्यावर पाचव्यांदा दारात उभं राहायला मी काही निर्लज्ज नाही. रविवारी पाद्रीबाबांकडे लग्नाची नावं द्यायची, ते राहू दे."

फिलोमेना म्हणजे सावेरिओची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"अगं, मेलेली माणसं कुठं फ्यूज उडवतात होय!"

"मग कोण उडवतं? रेल्वेत जन्मभर सिग्नलच्या तारा तपासल्यास ना? शोध की!"

बोलणं वर्मी लागलं. त्यात गावाला आयतंच खाद्य मिळालेलं. कॉफीच्या दुकानातला मिक्को रोज हाळी द्यायचा, "काय रे, थोरलीनं परवानगी दिली का?"

सावेरिओनं गाडी अंगणात अंजिराखाली उभी केली. बैठक काढून भिंतीला टेकवली आणि तपासणीचा दिवा घेऊन मांडी घातली. दिव्याची एक तार गाडीच्या सांगाड्याला, दुसरी एकेका जोडावर. हेडलाइट, ब्रेक, हॉर्न, सगळं झालं. तारेचा इंच न् इंच त्यानं वाकवून पाहिला. कुठं सोललेली नाही, कुठं गंजलेली नाही. तीन दिवस गेले. बिचारा जेवायचंसुद्धा विसरायला लागला. साठीतला माणूस असा प्रेमात पडला ना, की खरंच बघवत नाही.

शनिवारी सकाळी त्याच्या डोक्यात उजेड पडला. बैठक काढून तो बिघाड शोधत होता, आणि बैठक काढलेली असताना गाडी कधी बंद पडलीच नव्हती! त्यानं बैठक पुन्हा चढवली. मागे लाल कांद्यांची दोन पोती बांधली. पोती निनेत्ताच्या वजनाला बरोबर उतरतात, हे तिला जन्मात सांगायचं नाही असं ठरवलं आणि गाडी फाटकाबाहेरच्या खड्ड्यात घातली. फ्यूज उडाला.

"निनेत्ता!" तो तिच्या दारापर्यंत ओरडतच गेला. "कांद्यांनीसुद्धा बंद पडते! फिलोमेनाचं कांद्यांशी काय वाकडं असणार?"

निनेत्ता पिठाच्या हातांनीच त्याच्यामागे आली. चार दिवसांत पहिल्यांदा हसत होती. "दाखव बघू," म्हणाली. सावेरिओनं ऐटीत बैठक उचलली, उलटी केली, आणि तो तसाच थांबला.

आत स्प्रिंगांमध्ये खोलवर एक चांदीची साखळी दोऱ्यानं गुंडाळून बांधलेली होती. तिला वाटसरूंना जपणाऱ्या संताचं बोटभर पदक. मागे वजन पडलं की स्प्रिंगा दबायच्या, पदक खाली येऊन फ्यूजच्या उघड्या पितळी टोकाला टेकायचं. बैठक उचलली की तेही वर निघून जायचं. साखळी त्यानं ओळखली. लग्नात त्यानंच दिली होती. समुद्रात पोहताना हरवली, असं फिलोमेनानं सांगितलं होतं, आणि त्यावरून त्यानं तिला महिनाभर बोल लावले होते.

निनेत्ता पलीकडच्या बाजूला होती. तिला अजून काही दिसलं नव्हतं. सावेरिओनं साखळीवर तळहात ठेवला. तार घासत होती म्हणून सांगितलं असतं, तर रविवार सुखरूप पार पडला असता. पण सिग्नलच्या नोंदवहीत बिघाड सापडला तसाच लिहायचा असतो. चाळीस वर्षांची खोड, जाणार कुठं? त्यानं हात बाजूला केला.

"तिचीच आहे," तो म्हणाला. "ती स्वतः कधी गाडीवर बसली नाही, फार भ्यायची. मी कामावर निघालो की दारात उभी राहायची. तूच खरं बोलत होतीस, निनेत्ता. हे तिनंच केलंय."

निनेत्तानं पिठाचं बोट पदकावरून फिरवलं. गाठ बघितली. मग दुसरी गाठ, मग तिसरी. कुणी सहज सोडवू नये म्हणून मारलेल्या.

"महिनाभर बोलणी खाल्लीन," ती हळूच म्हणाली, "पण सांगितलं नाही हो बाईनं."

सावेरिओनं कात्री उचलली. निनेत्तानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"चिकटपट्टी आण," ती म्हणाली. "नीट गुंडाळून राहू दे तिथंच. आणि उद्या पाद्रीबाबांकडे जाताना गाडी जरा बेतानं चालव. आता आम्ही दोघी आहोत मागे."