पाठीला पाठ

वीस वर्षं सगुणा आणि हौसा ओटीवर पाठीला पाठ टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्या होत्या. एकीचं दुखणं दुसरीवर टेकायचं.

मग दवाखान्यातल्या बाईंनी हौसाला घरी करायचे व्यायाम सांगितले. आधी उताणं पडून गुडघे पाचदा पोटाशी, मग दहादा, मग भिंतीला खेटून उभं राहणं. चार महिन्यांत हौसाचं पोक गेलं. आता ती वीतभर पुढं, एकटीच ताठ बसायची. सगुणाची पाठ पोरकी झाली.

"भिंत बरी सापडली गं तुला मैत्रीण!"

"तूही कर की."

"मला नकोत तुझी थेरं," सगुणा फणकारली. दुखू दे हिचं पुन्हा, असंही मनात आलं.

आठवड्यानं हौसा कण्हत मागं सरकली. "पाठ भरून आलीय गं आज."

सगुणा हरखली. पण दुखणारी पाठ कशी ओझं टाकते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ही पाठ टेकली नव्हतीच. सगुणाला पेलत होती.

"खोटारडे," सगुणा पुटपुटली आणि तिनं अंगाचा सगळा भार मागं सोडून दिला.