मिटल्या डोळ्यांतल्या ठिणग्या

“रडू आलं तर आवरू नका, काकू,” वकीलबाई कानाशी कुजबुजल्या.

“माझं रडून झालंय,” काकू म्हणाल्या. “आता भांडायचंय.”

पुढे डॉक्टरांची साक्ष चालू होती. हे अंतराळ संस्थेचे डॉक्टर. संस्थेला मंगळावर माणसं पाठवायची होती, आणि ती पाठवू द्यायची की नाही हे वर बसलेला तिघांचा आयोग ठरवणार होता. काकूंचा मुलगा संस्थेच्या चाचणीच्या यानातून पृथ्वीपासून फार लांब जाऊन आला होता, जिथे अवकाशातले घातक कण अडवणारं पृथ्वीच्या चुंबकाचं छत्र पोचत नाही. परत आला तेव्हा ठणठणीत होता. पुढे रक्ताचा कर्करोग निघाला आणि धडधाकट माणूस बघता बघता गेला. संस्थेनं दोन गोड शब्दांत काकूंची बोळवण केली. म्हणे, योगायोग.

वकीलबाईंना ही मोहीम बंद पाडायची होती, अगदी पोटतिडकीनं. काकूंना त्यांनीच शोधून काढलं होतं. काकूंनी एकच अट घातली होती, सुनेला यात ओढायचं नाही. का, ते वकीलबाईंनी विचारलंही नाही. सून त्याच संस्थेत वैमानिक होती आणि नवरा गेल्यावरही तिथंच टिकून होती. आजही ती संस्थेच्या माणसांत, त्यांच्याच निळ्या गणवेशात, पलीकडच्या बाकावर बसली होती. सकाळपासून तिनं मान वर केली नव्हती. मिठाची गुळणी धरून बसलीय, वकीलबाईंच्या मनात आलं. सासू-सुनेचं फाटलंय हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“सूर्यावर वादळ उठलं, तर प्रवासी पाण्याच्या टाक्यांच्या आड बसू शकतात,” डॉक्टर सांगत होते. “दूरच्या ताऱ्यांकडून येणारे कण मात्र यानाच्या भिंतीतून आरपार येतात. तरीही एकूण धोका मान्य मर्यादेत आहे.”

“ही मर्यादा कुणी मान्य केली?” वकीलबाईंनी विचारलं.

“तज्ज्ञांनी.”

“म्हणजे तुम्हीच!”

मागच्या रांगांत खसखस पिकली. वकीलबाईंनी हीच वेळ साधली आणि काकूंना पुढे बोलावलं.

काकूंनी उभा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात घालवला होता. त्यांनी समोरचा माईक बाजूला सारला.

“तो वरून बोलायचा माझ्याशी,” त्या म्हणाल्या. “एकदा म्हणाला, आई, गंमत सांगू? झोपायला डोळे मिटले की आत ठिणग्या उडतात. एकेक कण डोळ्यातून आरपार जातो ना, त्याची ती ठिणगी. मी म्हटलं, अरे, मग डोक्यातूनही जात असतील, हाडांतूनही! तर हसला. म्हणाला, जाण्याआधी हे कुणी बोललंच नाही.”



“काकू, तुमचं दुःख मी समजू शकतो,” डॉक्टर चाचरत म्हणाले, “पण एका मृत्यूवरून काही सिद्ध...”

“दुःखाचं माझं मी बघेन. तुमच्याच हाताखालून गेला तो. उड्डाणाआधी तुम्हीच तपासलंत, आजारपणात तुम्हीच उशाशी होतात. माझ्याकडे बघून सांगा. योगायोग होता?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. शेजारून संस्थेच्या संचालकांनी त्यांची बाही ओढली. डॉक्टरांनी ती सोडवून घेतली.

“सिद्ध करता येणार नाही,” ते म्हणाले. “पण मला विचाराल तर नाही. तो त्या कणांच्या माऱ्यानंच गेला. आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं.”

एकच गलका झाला. वकीलबाईंना हर्ष आवरेना. एवढी वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटत होत्या, ती आज पडली होती. आयोगाच्या अध्यक्षांनी टेबल वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

“तर ही मोहीम रद्द करावी, अशी मागणी आहे ना तुमची?” त्यांनी काकूंना विचारलं.

“नाही,” काकू म्हणाल्या.

वकीलबाईंना वाटलं, म्हातारीला प्रश्न नीट ऐकू आला नसावा. त्या घाईघाईनं उठल्या. “काकू, रद्द करावी असंच म्हणायचंय ना तुम्हाला?”

“कान शाबूत आहेत माझे. मंगळानं माझं काय घोडं मारलंय? माणसं जाणारच. भिंत जाड करा, प्रवासाचे दिवस कमी करा, काय करायचं ते करा. फक्त खोटं बोलू नका. जाणाऱ्याला आधी सांगा की बाबा, हे असं आहे, यातून असं होऊ शकतं. मग त्यानं ठरवावं.”

आता संचालकांचा तोल गेला. “बोलायला काय जातंय तुमचं! हे असं उघड सांगत सुटलो, तर यानात चढणार कोण? दाखवा ना एखादा माणूस!”

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून सून उठली. निळ्या गणवेशांतून वाट काढत ती सरळ काकूंपाशी आली आणि त्यांना खेटून उभी राहिली. काकूंनी तिचा हात हातात घेतला. वकीलबाई दोघींकडे बघतच राहिल्या.

“ही चढणार, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच निवडलंय हिला,” काकू संचालकांना म्हणाल्या. “मी हिला अडवणार नाही. पण माझ्या लेकाला अंधारात ठेवून पाठवलंत, सुनेला तरी खरं सांगून पाठवा.”