एकतिसावा दिवस

फ्लोरिडातली ती वसाहत फक्त पंचावन्नच्या पुढच्यांची. इथे मुलं कधीच राहणार नाहीत, असं बिल्डरने लिहून दिलं, म्हणून नव्या घरांवरचा शाळा बांधणीचा कर माफ झाला. पाहुण्या नातवंडांना मुभा तीस दिवसांची. ते दिवस मोजायला कमिटीचे वेंडल वही घेऊन गोल्फच्या गाडीतून फिरत.

"लॉरेनबाई, नातीचा उद्या एकतिसावा दिवस."

"अहो, तिची आई अजून हॉस्पिटलात आहे! कुठे धाडू पोरीला?"

"ते मला विचारू नका. एका पोरीपायी नियम मोडला, तर तो कर सगळ्यांच्या मानगुटीवर बसेल."

दुसऱ्या दिवशी मामाकडे निघालेली पोरगी वहीत सही करायला वेंडलच्या घरी आली. भिंतीवर एक फोटो होता. चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीसमोर दाटीवाटीने उभी असलेली मुलं.

"हे काय आहे, आजोबा?"

"माझी शाळा. बावीस वर्षं हेडमास्तर होतो मी तिथे." वेंडल हळवे झाले.



"पक्के वर्ग बांधायला पैसेच आले नाहीत गं कधी. कुठे अडायचे, देव जाणे."