आधी दुसऱ्याचा, मग आपला

जाहिरातींनी बुजबुजलेले चार ग्रुप सोडल्यावर बिश्केकच्या उरमतला गेम बनवणाऱ्यांचा एक खराखुरा ग्रुप सापडला. नियम एकच होता, आधी दुसऱ्यांचे दोन गेम खेळून अभिप्राय द्यायचा, मगच आपला गेम टाकायचा. उरमतला आपला गेम टाकायची घाई. पाच मिनिटांत तो दोन्ही अभिप्राय देऊन मोकळा झाला.

रविवारी थोरली बहीण, म्हणजे त्याची एजे, बेगिमाय हिनं चहाबरोबर गरम बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली मी काल. आता गेमच बनवणार."

"एजे, डोकं फिरलंय का तुझं? बारा वर्षांची नोकरी!"

"तू टिंगल करशील म्हणून गेम बनवते हे तुला सांगितलंच नव्हतं, दीडशहाण्या. पण ग्रुपवर एका भल्या माणसानं लिहिलं, 'शेवट बघून डोळ्यांत पाणी आलं. नोकरी सोडा, यालाच वाहून घ्या.'"

उरमतनं हातातला बोरसोक परत ताटलीत ठेवला. हीच वाक्यं त्यानं दोन्ही अभिप्रायांत डकवली होती.

"घे, आता तूही खेळून बघ," म्हणत एजेनं फोन त्याच्या हातात दिला.



उरमतनं तो गेम पहिल्यांदाच उघडला.