निळ्या भिंतीबद्दल कलावंताचं निवेदन

समकालीन अमेरिकी चित्रकारांच्या मुलाखतींच्या संग्रहात माझ्या आईचा आवाज जमा झाला. घरी मात्र हे कुणाला खरं वाटत नाही. आई रत्नागिरीबाहेर गेली नव्हती आणि चित्रकार तर मुळीच नव्हती.

१९९६ साली ओमानमधल्या सीबच्या बाजारात माझं कॅसेटचं दुकान होतं. तिथे राहणाऱ्या कॅरल नावाच्या अमेरिकी चित्रकार बाईंची मुलाखत मी रेकॉर्ड केली. त्यांच्या देशातल्या संग्रहाला ती हवी होती. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती पत्रंही कॅसेटवर बोलून पाठवायची. मी ऐकायचो, तिचं बोलणं पुसून त्याच कॅसेटवर माझं उत्तर भरायचो आणि परत पाठवायचो. तेवढीच एका कॅसेटची बचत.

अमेरिकेच्या पाकिटात मी चुकून आईची कॅसेट घातली.

पाच महिन्यांनी कॅरलबाई संग्रहाचं पत्र आणि त्यांनी करून घेतलेला कॅसेटचा इंग्रजी अनुवाद घेऊन दुकानात आल्या.

"मुनीर, मी कधी फणस सोलला?"

"नाही मॅडम. आईने सोलला."

"मग तिलाच कळव."

"गेल्या महिन्यात वारली. बाकी सगळ्या कॅसेटवर आता मीच बोलतोय."

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पत्राचा शेवट हळू वाचून दाखवला:

"चुन्यात नीळ घालून भिंत रंगवण्याविषयी कलावंताचं निवेदन मोलाचं आहे. परंतु 'उरलेलं पुढच्या खेपेस सांगते' असं म्हणून त्या थांबतात. तरी उर्वरित भाग कलावंताने स्वतःच्या आवाजात त्वरित पाठवावा, ही विनंती."